पेशी नकोत, तुकडा हवा

आमच्या बाईंना ‘मॅडम’ म्हटलेलं चालत नसे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी दारातून विचारलं, “मॅडम, आत येऊ?” मायक्रोस्कोपवरून डोळे न उचलता त्या म्हणाल्या, “मॅडम बँकेत असतात. इथे बाई म्हणायचं. शाळेतल्या बाईंना माणूस घाबरतो, आणि घाबरला की काम नीट करतो.” मी बाई म्हणू लागलो. घाबरायला मात्र मुद्दाम शिकावं लागलं नाही.

त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. पंडित कॉलनीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांची लॅब. रक्त-लघवी तपासणारी लॅब नव्हे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी, सुईने ओढलेले तुकडे, असलं सगळं आमच्याकडे यायचं. ते तुकडे मेणात बसवायचे, त्या मेणाच्या वडीचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि बाईंपुढे ठेवायचे, हे माझं काम. त्यांचं काम, बघून सांगायचं की हे दुखणं कोणतं. त्यांच्या एका ओळीवर शहरातले सर्जन सुरी उचलायचे किंवा खाली ठेवायचे.

सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोऱ्याला अडकवलेले दोन चष्मे. एक जवळचा, एक लांबचा. लांबचा त्या फारसा वापरत नसत. “लांबचं बघायला बाकीचे आहेत,” म्हणायच्या. काप काचेवर घेताना बारीकशी चुणी पडली, तरी ती काच घेऊन स्वतः माझ्या टेबलापाशी यायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, “जरा इस्त्री करून आण.” काचेला इस्त्री करता येत नाही. पुन्हा काप काढावा लागतो. वर्षभरात माझ्या कापांना चुण्या पडेनाशा झाल्या.

बायोप्सीबरोबर एक फॉर्म येतो. त्यावर पेशंटचं नाव, वय, गाव आणि पाठवणाऱ्या डॉक्टरला काय वाटतं ते लिहिलेलं असतं. बहुतेक पॅथॉलॉजिस्ट तो आधी वाचतात. बाईंची तऱ्हा उलटी. फॉर्म टेबलावर पालथा ठेवायचा, आधी काच बघायची आणि दिसलं ते पाटीवर लिहायचं. खरीखुरी दगडी पाटी, लाकडी चौकटीची, शाळेत असायची तशी. मग फॉर्म उलटायचा. पाटी आणि फॉर्म जुळले तर रिपोर्ट लिहायचा. नाही जुळले तर पाटी पुसायची, चहा घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. एकदा मी विचारलं, “बाई, आधी वाचलं तर वेळ नाही का वाचणार?”

“वाचेल की. पण डॉक्टरनं ‘कॅन्सर?’ असं लिहिलं ना, की माझ्या डोळ्यांना कॅन्सरच दिसायला लागतो. डोळा फार लाचार असतो रे.”

फोनवर सर्जन घाई करायला लागले की त्यांचं उत्तर ठरलेलं: “दिसलं की सांगते.” आणि फोन खाली. दुपारी त्या भाकरीचा डबा घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायच्या. खालच्या पायऱ्यांवर रिपोर्टसाठी आलेले नातेवाईक बसलेले असायचे. कोणी सिन्नरहून पहाटेची एसटी धरून आलेलं, कोणी पेठच्या डोंगरातून. बाई त्यांच्या डोक्यावरून समोरच्या कडुनिंबाकडे बघत जेवायच्या. त्यांच्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत. पेशंटला तर त्या कधीच भेटत नसत. लोक म्हणायचे, बाई दगड आहेत. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

शनिवारी दुपारी त्या कपाटातून एक स्टीलचा डबा काढायच्या. त्यात जुन्या काचा. एखादी काढून बराच वेळ बघायच्या, परत ठेवायच्या आणि मग घरी जायच्या. डब्यात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती.

मग माझ्या दादाला कावीळ झाली.

आम्ही मखमलाबादचे. घरचा भाजीचा मळा. कोथिंबीर, मेथी, शेपू. वडील लवकर गेले, तेव्हा दादा नववीत होता. त्याने शाळा सोडली आणि मळा धरला. माझी फी, माझी सायकल, माझा लॅबचा कोर्स, सगळं त्या कोथिंबिरीवर झालं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही नाही. आमच्यात बोलण्याची पद्धतच नव्हती.

डोळे पिवळे झाले तेव्हा दादाने कोणाला सांगितलं नाही. हरसूलच्या बाजारात एक जण काविळीचं झाडपाल्याचं औषध देतो, ते आणून पंधरा दिवस घेत राहिला. अंगाला खाज सुटली, वजन उतरलं, तेव्हा वहिनीने मला लॅबवर फोन केला. “भावजी, ह्यांचं काय तरी बघा. रात रात खाजवत बसत्यात.”

स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ. तिच्या दाबाने पित्ताची नळी मिटत आलेली. फिल्म मी स्वतः उजेडाला धरून बघितली. या कामात इतकी वर्षं काढल्यावर अशा फिल्मचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. सर्जनने मला बाजूला घेतलं. चांगला माणूस, शहरातला नावाजलेला हात. म्हणाले, “तू याच धंद्यातला. तुला काय लपवायचं? अजून निघण्यासारखी आहे. येत्या गुरुवारी घेऊ. मोठं ऑपरेशन आहे, पण हीच वेळ आहे.”

ऑपरेशनआधी त्यांनी दुर्बिणीतून एकदा सुई घालून घेतली. बारीक सुई. तिने पेशी ओढून येतात. मंगळवारी सकाळी ते नमुने आमच्याकडे आले. रंगवले मीच. फॉर्म पालथा करून बाईंच्या टेबलावर ठेवला आणि माझ्या जागेवर येऊन बसलो. काही बोललो नाही. नाव आधी सांगायचं नाही हा त्यांचा नियम. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा डोळा लाचार व्हायला नको होता.

बाईंनी बराच वेळ लावला. पाटीवर लिहिल्याचा आवाज आला. मग फॉर्म उलटल्याचा. 

“इकडे ये.”

मी गेलो. पाटीवर लिहिलं होतं: ‘पेशी थोड्या. काही वेड्यावाकड्या. सूज असू शकते, कॅन्सर असू शकतो. यावरून निकाल नाही.’

“मखमलाबाद. तुझंच आडनाव. कोण?”

“थोरला भाऊ.”

“गुरुवारी ऑपरेशन ठरलंय असं लिहिलंय.”

“हो.”

त्यांनी जवळचा चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत चष्म्याशिवायचे त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हणाल्या, “पुन्हा सुई घालायला सांग. जाड सुई. मला पेशी नकोत, तुकडा हवा.”

“बाई, सर्जन म्हणतात वेळ नाही.”

“त्यांना फोन लावून दे.”

त्या कधी कोणाला आपणहून फोन करत नसत. मी लावून दिला आणि तिथेच उभा राहिलो. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

“मॅडम, गाठ आहे, कावीळ आहे, वजन उतरलंय. अशा वेळी सगळीकडे बायोप्सीशिवायही ऑपरेशन करतात.”

“करतात. आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.”

“मग?”

“मी बहुतेक वेळांचं बोलत नाहीये. या एकाचं बोलतेय. मला ऑटोइम्यूनची शंका आहे.”

 मग सर्जन म्हणाले, “शंका कशावरून? दोन-चार पेशींवरून? मॅडम, दुसरी सुई, तिचा रिपोर्ट, यात आठवडा-दीड आठवडा जाणार. आणि हा कॅन्सर असला तर तो थांबून राहत नाही. उद्या निघण्यासारखी गाठ निघेनाशी झाली तर उत्तर कोण देणार?”

“मी,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. एक दुखणं असं आहे, ज्यात शरीराचे राखणदार स्वतःच्याच स्वादुपिंडावर उठतात. ते सुजतं, घट्ट होतं, गाठीसारखं दिसायला लागतं, पित्ताची वाट दाबतं. स्कॅनवर हुबेहूब कॅन्सर. फरक इतकाच, की कॅन्सरला सुरी लागते आणि याला स्टेरॉइडच्या गोळ्यांनी उतार पडतो. “नुसत्या पेशी बघून हे कळत नाही,” त्या म्हणाल्या. “विटा दाखवून कोणी विचारलं, हे देऊळ की तुरुंग, तर काय सांगणार? भिंत बघावी लागते. म्हणून तुकडा.”

संध्याकाळी घरी मी हे सांगितलं तर वहिनी उखडली. “आता परत सुई? डॉक्टर काढतो म्हनतोय, काढून टाकू द्या ना जे काय हाय ते! तुमच्या बाईनं ह्यांना बघितलंय तरी का?”

बघितलं नव्हतं.  दादा खाटेवर बसून दोन्ही दंड खाजवत होता. म्हणाला, “तू सांग. तू शिकलेला हाय. तू म्हनशील तसं.”

त्याने आयुष्यात माझ्यावर काही टाकलं असेल तर ते हे एवढंच. मला ते पेलवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना म्हणालो, “घरचे विचारतात, बाईंनी पेशंट बघितलाय का.” मी टोमणा म्हणून नव्हतो बोललो, पण तो टोमण्यासारखाच बाहेर पडला. बाईंनी पाटी पुसली, पर्स उचलली आणि म्हणाल्या, “स्कूटर आणलीयेस?”

दादाला तोवर दवाखान्यात दाखल केलं होतं. कॅनव्हासच्या बुटांत बाई वॉर्डात शिरल्या, तेव्हा सिस्टरला वाटलं, कोणाची तरी आत्या आली. त्या थेट दादाच्या खाटेशी गेल्या. ओळख नाही, नमस्कार नाही. खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं आणि लांबचा चष्मा लावून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

“पापण्या अशा सुजलेल्या कधीपासून?”

“वरीस झालं असंल. फवारनीचं औषध डोळ्यात गेलं म्हनलं.”

त्यांनी दोन्ही हातांची बोटं त्याच्या जबड्याखाली लावली आणि दाबून पाहिलं. “इथे दुखतं?”

“नाय. पन गाठी हायत. दोन्हीकडं.”

“तोंड कोरडं पडतं?”

“लय. उशाला तांब्या घिऊनच झोपतो.”

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. “रोज काचा बघतोस. भावाचं तोंड बघितलं नाहीस?”

सगळ्या वॉर्डासमोर म्हणाल्या. मला लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही. सुजलेल्या पापण्या मी वर्षभर बघत होतो. मला वाटायचं, वय झालं दादाचं.

बाहेर व्हरांड्यात सर्जन भेटले. बाईंनी जबड्याखालच्या गाठींचं सांगितलं. हे दुखणं कधी कधी लाळेच्या नि डोळ्यांच्या ग्रंथींनाही धरतं. सर्जनने ऐकून घेतलं. म्हणाले, “मान्य. शंका घेण्यासारखं आहे. पण या गाठी आणि तो कॅन्सर, दोन्ही एकाच माणसात असू शकतात.”

“असू शकतात,” बाई म्हणाल्या.

“मग ऑपरेशन पुढे ढकललं, हे नातेवाइकांनी समजून-उमजून केलंय असं लिहून हवं.”

कागद आला. दादाने माझ्याकडे बोट केलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी सही केली. 

जाड सुईने घेतलेला तुकडा शुक्रवारी आला. तुकडे म्हणजे काय, बाटलीच्या तळाशी शेवयांच्या चुऱ्यासारखे तीन बारीक धागे. एक जरा लांब, दोन आखूड. ते मेणात बसवून शनिवारी सकाळी कापायचे होते. अशा वडीचे काप मोजकेच निघतात. मशीनचं पातं जरा खोल गेलं की तुकडा संपला आणि मग तिसऱ्यांदा सुई. तिसऱ्यांदा सर्जनही तयार झाले नसते आणि वहिनीही.

“बाई, मी नाही कापत,” मी म्हणालो. “हात थरथरतोय.”

“मग कोण कापणार?”

“तुम्ही.”

“माझ्या हाताला सवय राहिलेली नाही. तुझ्याइतकी कमी नासाडी करणारं माझ्याकडे कोणी नाही. थरथर थांबेपर्यंत थांब आणि मग काप. मी इथेच बसते.”

त्या माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसल्या. वडी बर्फावर गार होत होती. मी हात मांडीवर ठेवून बसलो. आणि शनिवार होता म्हणून असेल, की मला गुंतवण्यासाठी असेल, त्यांनी कपाटातून तो स्टीलचा डबा आणला आणि दोन काचा काढून माझ्यासमोर ठेवल्या.

“ही वणीकडच्या एका मास्तरांची. स्वादुपिंडाची गाठ. अशाच थोड्या पेशी आल्या होत्या. मी लिहिलं, कॅन्सरची दाट शंका. ऑपरेशन झालं. अख्खी गाठ माझ्याकडे आली, मी कोपरान् कोपरा शोधला. कॅन्सर नव्हताच. हेच दुखणं होतं, गोळ्यांनी उतरलं असतं. मास्तर ऑपरेशननंतर नवव्या दिवशी गेले. आतली शिवण गळली.”

त्यांनी ती काच बाजूला सरकवली.

“त्यानंतर मी फार सावध झाले. आणि ही दुसरी काच. एका बाईंची. सर्जन म्हणत होते काढू, मी म्हणाले थांबा, मला खात्री नाही. दोन महिने थांबवलं. कॅन्सर होता. तोवर पसरला.” त्यांनी दोन्ही काचा डब्यात ठेवल्या. “म्हणजे मी कुठल्या बाजूने चुकेन ते मला माहीत नाही. तुला वाटत असेल बाईंना खात्री आहे. नाही. मला फक्त बघायचंय.”

मला धीर द्यायचा असता तर त्यांनी हे सांगितलं नसतं. पण का कोण जाणे, हात थांबले. मी वडी मशीनवर चढवली. चाक फिरवलं. पात्याखालून मेणाची फीत सुटायला लागली, तिच्या मधोमध तीन फिकट रेघा. फीत कोमट पाण्यावर सोडली. एकही चुणी नाही. एकेक काप काचेवर उचलत गेलो. बारा काचा झाल्या आणि वडीत अजून तुकडा शिल्लक होता. दोन काचा रंगवल्या, दहा कोऱ्या राखल्या. हे माझ्या भावाच्या पोटातलं आहे, हा विचार मधूनच यायचा आणि मी तो श्वासासारखा बाहेर सोडायचो.

बाई तासभर बघत होत्या. पाटी भरली. पुसली. चहा न घेता पुन्हा बघितलं. पुन्हा लिहिलं.

“कॅन्सर दिसत नाही,” त्या म्हणाल्या. मी फोनकडे वळलो तेवढ्यात पुढे म्हणाल्या, “उड्या मारू नकोस. मला जे बघायचं होतं ते दिसतंय. सूज आहे, घट्ट दोऱ्या गोल गोल वळलेल्या आहेत, एक शीर बुजलेली आहे. पण कॅन्सरच्या शेजारीही कधी कधी असंच माजलेलं असतं. सुई शेजारच्या घरात शिरली असेल तर?”

कोऱ्या काचांवर एक खास रंग चढवायचा होता. तो चढला की या दुखण्यातल्या ठरावीक पेशी तपकिरी उठून दिसतात. ती सोय आमच्याकडे नव्हती. काचा मुंबईच्या एका लॅबला गेल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. सर्जनचा रोज फोन. सुईनंतर घरी सोडलेल्या दादाच्या अंगावर खाजवून रक्ताळलेल्या रेघा. वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची आणि आत जायची. गुरुवार उजाडला, तेव्हा माझ्या मनात एकच: ऑपरेशन होऊन आज आठवडा झाला असता.

त्याच दिवशी काचा परत आल्या. बाईंनी एक मायक्रोस्कोपवर चढवली, बघितली आणि सरकून मला म्हणाल्या, “बघ.” सगळीकडे तपकिरी ठिपके. दाटीवाटीने.

तरी त्यांनी रिपोर्टमध्ये ‘कॅन्सर नाही’ असं लिहिलं नाही. लिहिलं, ‘या तुकड्यात कॅन्सर आढळला नाही. चित्र ऑटोइम्यून दुखण्याशी जुळतं. औषधाचा गुण बघूनच निर्णय पक्का करावा.’ आणि सर्जनला सांगितलं, “दोन आठवडे गोळ्या द्या, पुन्हा स्कॅन करा. गाठ उतरली नाही तर काढा. मी आड येणार नाही.”

ते दोन आठवडे मी कसे काढले ते नीट आठवतही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी दादा म्हणाला, खाज कमी वाटते. मी विश्वास ठेवला नाही. स्टेरॉइडने माणसाला उगीचच बरं वाटतं, हे मला ठाऊक होतं. आठव्या दिवशी वहिनीने त्याला खिडकीपाशी उभं केलं, बोटाने डोळा उघडून पाहिला आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेलो तर ती ओट्याला धरून उभी होती. म्हणाली, “पांढरं दिसायलंय. का मलाच तसं वाटतंय?”

स्कॅनच्या दिवशी मी रजा घेतली नाही. हिंमत नव्हती. दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि सर्जन स्वतः वर आले. इतक्या वर्षांत एकही सर्जन आमचा जिना चढला नव्हता. हातात फिल्म. त्यांनी ती खिडकीला लावली. गाठ निम्म्याहून कमी झाली होती, पित्ताची नळी मोकळी.

“मॅडम, मला ती काच दाखवाल?”

बाईंनी जागा दिली. ते बराच वेळ वाकून बघत होते. उठले तेव्हा चेहरा उतरलेला. “मी त्या गुरुवारी काढलं असतं,” म्हणाले. “आणि मला वाटलं असतं, चांगलं काम केलं.”

“कॅन्सर असता तर चांगलंच झालं असतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही थांबलात, हे सोपं नव्हतं.”

त्यांनी कोणाची केलेली स्तुती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ते गेल्यावर मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो आणि मला रडू फुटलं. आवरेचना. बाई आल्या नाहीत. फक्त माझ्या वाटणीचे त्या दिवशीचे उरलेले काप त्या स्वतः काढत बसल्या. दुसऱ्या दिवशी बघितले. सगळ्यांना चुण्या होत्या.

दादाचं सगळं गोड झालं असं नाही. गोळ्यांनी साखर वाढली, तोंड सुजून गोल झालं. सहा महिन्यांनी त्याने मनानेच गोळ्या बंद केल्या आणि डोळे पुन्हा पिवळे झाले. बाईंनी तेव्हा फोनवर त्याला असं झापलं, की तो आता घड्याळ लावून गोळी घेतो. मळा चालू आहे. पहाटे मार्केटला कोथिंबीर घेऊन जातो, पण जुड्यांचं ओझं आता त्याचा मुलगा उचलतो.

मागच्या हिवाळ्यात तो एकदा न सांगता लॅबवर आला. अंगात इस्त्रीचा सदरा. बाई मायक्रोस्कोपवर होत्या. तो दारात उभा राहून म्हणाला, “बाई, माझा तो तुकडा हाय का अजून?”

मला वाटलं, बाई चिडतील. त्या म्हणाल्या, “आहे. वर्षानुवर्षं ठेवतो आम्ही.” आणि मला काच आणायला सांगितली. मग स्वतःच्या खुर्चीवरून उठल्या. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं त्यांना खपत नसे. सर्जनलाही उभ्यानेच वाकून बघावं लागलं होतं. “बसा,” त्या दादाला म्हणाल्या.

दादाने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एक डोळा मिटून वाकला.

“दोन्ही उघडे ठेवा. हं. आता हे चाक हळूच फिरवा.”

“लय गुलाबी हाय.”

“रंग आम्ही देतो.”

तो बघत राहिला. मग म्हणाला, “वाऱ्यानं गहू लोळवल्यावानी दिसतंय. एकदा हिकडं, एकदा तिकडं.”

“अगदी तसंच,” बाई म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघून, “तुला इतक्या वर्षांत असं सांगता आलं नाही.”

दादाने काच सरकवायला शिकून घेतलं होतं. जाड, मळ्यातल्या बोटांनी तो ती जराजराशी ढकलत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मग मान न उचलता विचारलं, “अन् बाई, ह्यात वाईट कुठंय?”

“तेच शोधत होते,” बाई म्हणाल्या. “सगळीकडे बघितलं. नाही.”

दादाने मांडीवरची टोपी सावरली.

“मंग अजून एकदा बघू द्या,” तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्या टोकाला गेला.